मुठीवरची खळी

उल्का खांबेटेची उंची चार फूट सहा इंच होती, आणि ही माहिती तिला रोज कुणी ना कुणी नव्याने देत असे. ऑफिसच्या गेटवर बदलून आलेला जवान तिला "बेटा, किससे मिलना है?" असं विचारी आणि मग ओळखपत्रावरचं 'अनुभाग अधिकारी' वाचून घाईघाईने टाचा जुळवी. बँकेतली बाई काउंटरवरून वाकून, विहिरीत डोकवावं तशी, खाली बघे. मेट्रोत एखादी मावशी तिच्यासाठी कौतुकाने जागा सोडी आणि चेहरा दिसला की पुन्हा बसून घेई. प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्याच लक्षात आलं. उल्का बेचाळीस वर्षांची होती, त्यातली अठरा वर्षं तिने दिल्लीत सरकारी नोकरीत काढली होती, आणि एकूण मनुष्यजातीबद्दल तिचं मत फारसं चांगलं उरलेलं नव्हतं.

तरी दर रविवारी सकाळी ती आर. के. पुरममधल्या आपल्या क्वार्टरमधून निघून दोन गल्ल्या पलीकडच्या समाजसदनात जायची आणि मराठी मंडळाच्या वर्गाला दोन तास शिकवायची. वर्गाचे प्रमुख श्रीरंगराव, निवृत्त उपसचिव. ते दर तिसऱ्या वाक्यात 'संस्कृती' म्हणत, आणि त्यांची स्वतःची नातवंडं घरात हिंदीशिवाय बोलत नसत. वर्गातली मुलं "मॅम, मी होमवर्क नाही करून आली, यार" असं एका दमात सांगत. उल्काला मुलांचा राग येत नसे. राग यायचा तो त्यांच्या आईबापांचा, जे मुलांना दारात उतरवून छोले-भटुरे खायला पळत आणि परत येऊन विचारत, की मॅडम, हा अजून घरी मराठी का बोलत नाही.

जुलैच्या सुरुवातीला त्या वर्गात गिरिजा आली. तिची आई माधवी तिला कँटोन्मेंटमधून बसने घेऊन आली होती. वडील उदयसिंह निंबाळकर फौजेत नायब सुभेदार, मूळचे फलटणकडचे. माधवीने मुलीला पुढे केलं आणि कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं, की ही सहावीत आहे, अकरा पूर्ण झाली आहेत, दिसत नाही पण अभ्यासात चांगली आहे. गिरिजा जेमतेम सात वर्षांची वाटत होती. श्रीरंगरावांनी "एवढीशी चिमणी!" म्हणत तिचा गालगुच्चा घेतला. गिरिजाने त्यांच्या देखत गाल पुसला. उल्काला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली.

दुसऱ्या रविवारी शुद्धलेखन सांगत उल्का बाकांच्या मागून फिरत होती. गिरिजाच्या मागे आली आणि थांबली. मुलीच्या वेण्या वर बांधलेल्या होत्या, पण मानेवरचे केस इतक्या खालपर्यंत उगवले होते की फ्रॉकच्या गळ्यात शिरत होते. मान आखूड, आणि कानाखालून खांद्यांकडे जाणारी कातडी दोन्ही बाजूंना जराशी ताणलेली. दंडांवर आणि गळ्यावर काळ्या तिळांची रांगोळी. हात कोपरापासून किंचित बाहेर वळलेले. उजव्या कानात कापसाचा बोळा. उल्काने पुढचं वाक्य सांगितलं तेव्हा मुलांनी ओरडून सांगितलं, की मॅम, हे तर लिहून झालं.

ती मान तिच्या ओळखीची होती. स्वतःची तशीच मान ती गेली कित्येक वर्षं ओढणीखाली ठेवत आली होती.

तिला स्वतःला हे सगळं कळलं ते सत्ताविसाव्या वर्षी. त्याआधी सांगलीला तिच्या आईने जे केलं त्याची आठवण झाली की उल्काला अजूनही तिडीक उठे. सोळा झाली, अठरा झाली, तरी मुलीला पाळी आली नाही. आईने डॉक्टरकडे नेलं नाही. त्याऐवजी दर महिन्याला न चुकता तीन दिवस ती उल्काला देवघराबाहेर बसवायची, म्हणजे शेजारपाजारच्या बायकांना शंका नको. आजार लपवण्यासाठी एवढी वक्तशीर मेहनत दुसऱ्या कुणी घेतली असेल असं उल्काला वाटत नव्हतं. पुढे लग्न ठरल्यावर, दिल्लीहून सुट्टीवर आलेली असताना, उल्काच आपण होऊन पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, तुझ्या पेशींत पंचेचाळीस आहेत, बाईच्या दोन एक्सपैकी एक नाही, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. याला टर्नर म्हणतात. आईबापांची चूक नाही, घराण्यातून येत नाही, गर्भ धरतानाच एखादा एक्स गळतो. उंची म्हणून खुंटली, पाळी म्हणून आली नाही. बुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही. मग त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, हाडं आणि हृदय अधूनमधून तपासत राहायला सांगितलं, आणि लहानपणी कळलं असतं तर बरंच काही करता आलं असतं, असं चष्मा पुसत म्हणाल्या.

उल्काने स्वतः फोन करून लग्न मोडलं. मुलाची आई म्हणाली, बरं झालं बाई, वेळेवर कळलं. आणि उल्काची आई म्हणाली, आता हे कुणापाशी बोलायचं नाही. आईचं तिने आयुष्यात फारसं काही ऐकलं नव्हतं, पण हे ऐकलं. फाइल दिल्लीच्या क्वार्टरमध्ये दिवाणाच्या पेटीत, हिवाळ्याच्या रजयांच्या खाली गेली.

ऑगस्टमध्ये एकदा वर्गात विरुद्धार्थी शब्द चालले होते. 'उंच'च्या विरुद्ध कुणी 'छोटू' सांगितलं, कुणी हिंदीतलं 'नाटा'. गिरिजाने हात वर केला आणि मराठीत काय म्हणतात ते विचारलं. उल्काने फळ्यावर 'ठेंगणा' आणि 'ठेंगणी' लिहिलं. गिरिजाने ते वाचलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "हे तर हिंदीपेक्षा जास्त इन्सल्टिंग आहे." सगळी मुलं हसली. उल्काही हसली, आणि तिने फळा पुसून टाकला.

सप्टेंबरात तिने माधवीला फाटकाशी गाठलं. मुलीला एखाद्या हार्मोनच्या डॉक्टरला दाखवा, असं तिने सुचवलं. 'सुचवलं' हा शब्द तिला नंतर बराच काळ बोचत राहिला. माधवीने यादीच वाचली. उजवा कान लहानपणापासून वाहायचा, त्यात कापूस घालत होते. दुधात घालायची पावडर दोन वर्षं चालू होती. रोज शंभर दोरीउड्या. क्वार्टरमागच्या झाडाला उदयसिंहांनी लोखंडी दांडी बांधली होती, तिला पंधरा मिनिटं लटकायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही मुली उशिरा वाढतात, बाप सहा फूट आहे, काळजी करू नका. आणि एप्रिलपासून पानिपतच्या अलीकडे हायवेलगतच्या एका वैद्याचं चूर्ण सुरू होतं. तो फार नावाजलेला होता. दर महिन्याला स्वतः टेप लावून मोजायचा. दर वेळी पाव-अर्धा इंच वाढ निघायची.

"आणि घरी मोजल्यावर?" उल्काने विचारलं.

घरी तेवढी दिसत नाही, असं माधवी म्हणाली. घरची टेप जुनी आहे.

"माधवी, त्याची टेप वाढतेय. मुलगी नाही."

उल्का बोलली ती नेहमीच्या सुरात, ज्या सुरात ती ऑफिसात चुकीच्या फायली परत पाठवायची. माधवीचा चेहरा लाल झाला. बसस्टॉपकडे बघत, आवाज न चढवता ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला टेप दिसणार. मी जे काही करते ना, ते एवढ्यासाठीच करते. माझी मुलगी तुमच्यासारखी राहायला नको."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. पण शब्द मागे घेतले नाहीत. गिरिजाचा हात धरून ती बसकडे गेली.

उल्का घरी आली, चहा करून घेतला आणि तो न पिता ओतून दिला. दोन दिवस तिने मनातल्या मनात माधवीला इतकं सोलून काढलं की ऑफिसातल्या शिपायालाही तिची झळ लागली. सहा फूट बापाचा टेंभा मिरवणारी, हायवेवरच्या भोंदूला मुलीचं माप घेऊ देणारी, मुलीच्या कानातून वर्षानुवर्षं पू येतो तरी कापसापलीकडे न जाणारी बाई. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्या लक्षात आलं, की आपल्याला राग आलाय तो एवढ्यासाठीच, की बाईचं बरोबर होतं. माधवीला भीती होती ती नेमक्या त्याच गोष्टीची. फक्त तिचं नाव तिला माहीत नव्हतं. ज्या एका माणसाला ते माहीत होतं, ते माणूस गळ्याभोवती ओढणी घट्ट करून 'दाखवा एखाद्या डॉक्टरला' असं पुटपुटून मोकळं झालं होतं.

हे लक्षात आलं, आणि तरीही उल्काने काही केलं नाही. ऑक्टोबर गेला. दिवाळीची सुट्टी गेली. दुसऱ्यांच्या भित्रेपणाची ती इतकी वर्षं खिल्ली उडवत आली होती, की स्वतःचा भित्रेपणा तिला 'दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसू नये' या सभ्य नावाखाली ओळखू येईना.

डिसेंबरात मंडळाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. श्रीरंगरावांनी एक नाटुकलं लिहिलं होतं. त्यात पाळणा होता आणि पाळण्यात बाळ होतं. बाळाच्या कामाला त्यांनी गिरिजाला निवडलं. उल्का म्हणाली, ती अकरा वर्षांची आहे. श्रीरंगराव हसत म्हणाले, "अहो, पण मावतेय ना!" हा विनोद त्यांना इतका आवडला की त्यांनी तो उपस्थित पालकांना पुन्हा एकदा सांगितला. उल्का तोंड उघडणार तेवढ्यात गिरिजाच पुढे आली आणि थकलेल्या बाईसारखी म्हणाली, "जाऊ दे ना मॅम. मी मावेन."

तालीम दुसऱ्या मजल्यावर होती. निघताना उल्काला गिरिजा जिन्यात बसलेली दिसली. दोन्ही पोटऱ्या दाबत होती. जिना चढला की पाय असेच दुखतात, म्हणाली, आणि डोकंही. पीटीच्या तासाला ती नाटक करते असं शाळेतल्या बाई म्हणतात. उल्काने तिचा हात हातात घेतला. तो गरम होता. मग तिने मुलीचा मोजा खाली केला आणि पावलाला हात लावला. ते बर्फासारखं गार होतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासताना आधी मनगटाची आणि मग पायाची नाडी बराच वेळ शोधली होती. का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, की तुमच्यातल्या काही मुलींची हृदयातून निघणारी मोठी धमनी पुढे अरुंद असते, रक्त वरच्या अंगाला जास्त आणि खालच्या अंगाला कमी पोचतं, आणि हे वेळेवर सापडलं नाही तर महागात पडतं. तुझ्यात तसं दिसत नाही, पण बघत राहायला हवं.

शनिवारी सकाळी उल्काने दिवाणाची पेटी उघडली, रजया जमिनीवर काढल्या आणि फाइल घेऊन कँटोन्मेंटची बस धरली.

उदयसिंह घरी होते. मोठा, शांत माणूस, अंगणात बूट पॉलिश करत बसलेला. त्यांनी खुर्ची आणली. माधवीने पाणी दिलं, पण चेहऱ्यावरची घडी मोडली नाही. उल्काने प्रस्तावना केली नाही. तिने ओढणी काढून मांडीवर ठेवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ती परक्या माणसांसमोर अशी बसली होती. तिने मान वळवून मागचे केस दाखवले. मग उजव्या हाताची मूठ करून पुढे धरली. मुठीवर तीन बोटांचे सांधे उंच दिसत होते, आणि चौथ्याच्या जागी, अनामिकेच्या बुडाशी, खळी पडली होती.

"गिरिजा, मूठ कर," ती म्हणाली.

गिरिजाने तिच्या मुठीशेजारी आपली मूठ धरली. तीच खळी. मुलीने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. माधवी जागची उठली आणि पुन्हा बसली.

मग उल्का बोलत राहिली. काय असतं, कशाने होतं, कशाने होत नाही, सगळं. फाइल उघडून तिने अहवाल उदयसिंहांपुढे ठेवला. जन्मली तेव्हा हिच्या हातापायांना सूज होती का, असं विचारलं. माधवीने गिरिजाच्या पावलांकडे पाहिलं. मग म्हणाली, की होती. पावलं पावासारखी फुगलेली होती. सासूबाई सगळ्यांना दाखवत होत्या, बघा कसं बाळसं आहे.

"मला हे नक्की आहे असं म्हणायचं नाही," उल्का म्हणाली. "मी डॉक्टर नाही. पण रक्त तपासा, आणि त्याआधी हिच्या पायाची नाडी बघायला सांगा. सोमवारी. त्या वैद्याकडे नाही."

उदयसिंहांनी अहवाल दोनदा वाचला. त्यांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी एवढंच विचारलं, की याला औषध आहे का. उल्का म्हणाली, एक्स परत येत नाही; पण उंचीसाठी इंजेक्शनं आहेत, पाळीसाठी गोळ्या आहेत, आणि हृदयाचं काही निघालं तर त्यावर इलाज आहे. हे सगळं आधी सुरू झालं असतं तर जास्त बरं झालं असतं.

उदयसिंहांनी मान हलवली, उठून आत गेले आणि ड्यूटीवर फोन करून सोमवारची सुट्टी मागितली.

लष्करी रुग्णालयात हाताचा रक्तदाब घेतला तो मोठ्या माणसालाही जास्त म्हणावा इतका निघाला. पायाची नाडी जवळजवळ हाताला लागत नव्हती. हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोमध्ये, अरुंद जागा स्पष्ट दिसली. रक्ताचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. पंचेचाळीस. तोवर गावाहून सासूबाईंचे रोज फोन येत होते, की असलं काही कागदावर येऊ देऊ नका, उद्या मुलीला स्थळं यायची आहेत. उदयसिंहांनी एकदा फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, की तिचं हृदय आधी बघू, स्थळं नंतर बघू. जानेवारीच्या अखेरीस गिरिजाचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी ती भिंतीला धरून चालली आणि म्हणाली, पाय गरम वाटतायत.

माधवी मात्र उल्काशी बोलत नव्हती. उल्का रुग्णालयात भेटायला गेली तेव्हा ती व्हरांड्यात तिच्यासमोर उभी राहिली.

"तुम्हाला जुलैपासून माहीत होतं," ती म्हणाली. "वर्गात पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून."

"शंका होती."

"मला म्हणालात, हार्मोनच्या डॉक्टरला दाखवा. असं कुणीही सांगतं, मॅडम. मला टेपवरून बोलायला तुम्हाला वेळ होता. सरळ सांगायला पाच महिने लागले. या पाच महिन्यांत ती जिन्यात पडली असती तर?"

  एवढं बोलून माधवी आत निघून गेली.

रागाच्या भरात माधवीने ही गोष्ट एका मैत्रिणीला सांगितली आणि पंधरवड्यात ती मयूर विहारपासून कँटोन्मेंटपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचली. मग श्रीरंगराव उल्काच्या क्वार्टरमध्ये आले. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फार वाईट वाटलं, आम्हाला कल्पनाच नव्हती, तुम्ही केवढं सोसलंत, असं ते दहा मिनिटं म्हणत राहिले. मग मुद्द्यावर आले. काही पालक विचारतायत. म्हणजे तसं काही नाही, पण मुलं लहान आहेत, दोन दोन तास जवळ बसतात. थोडे महिने कुणी दुसऱ्यांनी वर्ग घेतला तर?

"हे लागण होऊन होतं असं तुम्हाला वाटतं?" उल्काने विचारलं.

मला नाही, पालकांना, असं ते म्हणाले.

"पेशीतलं गुणसूत्र शिंकेबरोबर उडत नाही, हे उपसचिव झालेल्या माणसाने पालकांना सांगायला हवं होतं. तुम्ही तो निरोप घेऊन जिने चढून इथे आलात." तिने पेढ्यांचा पुडा उचलून त्यांच्या हातात दिला. "वर्ग रविवारी दहा वाजता आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी मुलांना घरी ठेवावं. तिथेच हिंदी शिकतील."

चार मुलं सोडून गेली. अकरा राहिली. श्रीरंगरावांनी पुढचे दोन महिने समाजसदनाकडे तोंड दाखवलं नाही, आणि वर्ग तेवढाच बरा चालला. उल्काने ओढणी घेणं सोडलं. मुलांनी पहिल्या रविवारी टक लावून पाहिलं, दुसऱ्या रविवारी विसरून गेली. याबाबतीत ती मोठ्यांपेक्षा कितीतरी समंजस होती.

मार्चमध्ये उंचीची इंजेक्शनं सुरू व्हायची होती. झोपण्यापूर्वी रोज एक, मांडीला किंवा पोटाला, निदान तीन-चार वर्षं. ते टोचायचं कसं हे शिकायला रुग्णालयात जायचं होतं, आणि गिरिजाने घरी सांगून टाकलं, की उल्का मॅम येणार असतील तरच मी येईन. माधवीने स्वतः फोन केला. निरोप एका वाक्यात सांगितला आणि ठेवला.

बाहेर बाकावर बसलेलं असताना गिरिजाने हळू आवाजात विचारलं, "मॅम, मला मुलं होणार नाहीत ना? आई काही सांगत नाही. मी नेटवर वाचलं."

उल्काने माधवीकडे पाहिलं. ती खिडकीशी कागद घेऊन उभी होती. एकदा वाटलं, हे आईने सांगायला हवं. मग तिला जुलै आठवला.

"आपोआप होणं फार कठीण असतं," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे काही मार्ग असतात. कुणी मूल घरी आणतं. कुणाला नकोच असतं. तुला त्याचा विचार करायला अजून पंधरा वर्षं आहेत."

"तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

"हो. खूप. आणि बोलायला कुणी नव्हतं, त्याचं त्याहून जास्त."

गिरिजा विचार करत बसली. मग म्हणाली, की शाळेत दोघी मैत्रिणींना तिने सांगून टाकलंय. एकीने विचारलं, म्हणजे तू एलियन आहेस का? "मी तिला म्हटलं, तुझ्याकडे शेहेचाळीस आहेत, तरी तुझं मॅथ्स माझ्याइतकंच वाईट आहे." उल्काला त्या मुलीच्या स्वरातला तुच्छपणा ऐकून जे सुख झालं ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

डॉक्टर अश्लेषा मुलांच्या हार्मोनच्या विभागात होत्या. वयाने उल्काहून लहान, बोलायला भराभर. त्यांनी गिरिजाला इंजेक्शनचा पेन कसा धरायचा, सुई कशी बदलायची, जागा रोज का बदलायची ते शिकवलं. गिरिजाने स्वतःच्या मांडीत पहिलं इंजेक्शन घेतलं आणि विशेष काही वाटलं नाही असा चेहरा केला. पाळीच्या गोळ्या वर्षभराने सुरू करू, असं डॉक्टर म्हणाल्या. पाचव्या-सहाव्या वर्षी आली असती तर आणखी उंची मिळाली असती. आता पाच फुटांच्या जवळ नेऊ शकले तरी मी खूश होईन. मग उल्काकडे वळून त्या सहज म्हणाल्या, "तुमच्यामुळे ही आली, असं हिच्या बाबांनी सांगितलं. तुम्हीही टर्नर ना? तुमचा शेवटचा इको कधी झाला?"

उल्का पेनचं झाकण लावू लागली.

"हाडांची तपासणी? थायरॉइड? ब्लड प्रेशर तरी?"

हार्मोनच्या गोळ्या तिने वर्षभर घेतल्या होत्या. आर. के. पुरमच्या केमिस्टने एकदा चिठ्ठी वाचून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुढच्या महिन्यापासून ती तिकडे गेली नाही. इको सत्ताविसाव्या वर्षी झाला होता. तेव्हापासून नाही. हे तिला सांगावं लागलं, माधवीच्या देखत.

डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी कागद ओढून चार तपासण्या लिहिल्या आणि सांगितलं, की मोठेपणी धमनी रुंदावत जाऊ शकते, न दुखता, आणि ती फाटली तर सांगायला माणूस उरत नाही. बाहेर आल्यावर माधवी तीन-चार पावलं चालली आणि थांबली.

"पंधरा वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"आणि आम्ही मूर्ख."

 माधवीने उल्काच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि विचारलं, की तुमच्या सरकारी आरोग्य-कार्डावर या तपासण्या कुठे होतात. उल्काने सरकारी रुग्णालयाचं नाव सांगितलं. "गुरुवारी गिरिजाची शाळा उशिरा सुटते," माधवी म्हणाली. "मी गुरुवारी रिकामी असते."

गुरुवारी ती खरंच आली, मेट्रोने, डब्यात थालीपीठ घेऊन. रांगेत तीन तास लागले. त्या तीन तासांत दोघी फार बोलल्या नाहीत. माधवीने तिला एवढं सांगितलं, की पानिपतच्या वैद्याकडे उदयसिंह एकदा जाऊन आले, युनिफॉर्ममध्ये, आणि ती टेप घेऊन आले. तिचे पहिले दोन इंच थोडे थोडे करून कापलेले होते. उल्काला जोरात हसू आलं. माधवीलाही आलं असतं, पण तिने ते येऊ दिलं नाही.

उल्काचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. हाडं तिच्या वयाच्या मानाने विरळ झाली होती. धमनी थोडी रुंद होती, ऑपरेशन लागेल इतकी नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी कमीही नाही. रोजच्या गोळ्या, आणि दर वर्षी पुन्हा तपासणी. जरा लवकर यायला हवं होतं, असं डॉक्टरांनी म्हटलं, आणि उल्काने, जिला असली वाक्यं ऐकली की दात-ओठ खावेसे वाटत, मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षभरात गिरिजाची उंची आठ सेंटिमीटर वाढली. कानाचं लहानसं ऑपरेशन झालं, कापूस गेला. दांडीला लटकणं बंद झालं. त्या दांडीवर आता उदयसिंह कपडे वाळत घालतात. श्रीरंगराव वर्गाला पुन्हा येऊ लागले आणि एका भाषणात त्यांनी या आजाराविषयी मंडळाने केलेल्या जागृतीचा अभिमानाने उल्लेख केला. उल्का तेव्हा दुसऱ्या रांगेत बसली होती. ती ऐकता ऐकता उठून बाहेर गेली, कारण तिथे बसून राहिली असती तर काहीतरी बोलली असती, आणि डॉक्टरांनी तिला रक्तदाब सांभाळायला सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीची तारीख उल्का विसरली नव्हती, पण आदल्या संध्याकाळी माधवीचा फोन आलाच. गेटवर साडेआठला, एवढंच ती म्हणाली. सकाळी ती वेळेच्या आधी येऊन उभी होती. ते पाच महिने तिने अजून माफ केलेले नव्हते. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात ती उल्काच्या बरोबरीने चालली नाही, दोन पावलं पुढेच चालली. मात्र प्रत्येक वळणावर थांबली, आणि उल्का दिसल्यावर पुढे निघाली.